बिनगोधडीचा खांब

तर तीन खांबांना तीन गोधड्या बांधून झाल्या होत्या आणि चौथी पुरुषोत्तमच्या गाडीच्या टपावर ठिबकत पडली होती, इथे आपण काल थांबलो होतो. चहा आला, विषय भलतीकडे गेला आणि त्या चौथ्या खांबाचं राहूनच गेलं. आज ते पुरं करू. पण काल जे नव्हते त्यांना आधी हा माणूस कोण, खांब कसले आणि त्यांना गोधड्या कशाला, हे सांगायला हवं. नाहीतर म्हणतील, म्हातारा काहीही सांगतो.

पुरुषोत्तम देवर्डेकर मूळचा गारगोटीकडचा. आता मिशिगनमध्ये, ट्रॉयला, माझ्या मुलाच्या घरापासून दोन घरं पलीकडे राहतो. नोकरी मोटारींच्या कारखान्याला लागून असलेल्या एका लॅबमध्ये. काम एकच. नवी कोरी मोटार भिंतीवर आपटायची आणि आत बसवलेल्या बाहुल्याच्या डोक्याचं, मानेचं काय झालं ते बघायचं. बाहुला, तिकडे त्याला डमी म्हणतात, माणसाएवढा, अंगभर वायरी. उभा जन्म या माणसाने डोकी आपटताना पाहिली. मग तो भित्रा होईल नाहीतर काय होईल?

आणि भित्रा म्हणजे किती! बल्ब बदलायला स्टुलावर चढला तर सायकलचं हेल्मेट घालून. मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळे टाळ्या वाजवतात, हा निरांजनाजवळची पोरं मागे ओढत असतो. हायवेवर इतक्या सावकाश चालवतो की एकदा पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. पोलीस म्हणाला, "सर, एवढ्या स्लो का?" हा म्हणाला, "ऑफिसर, तुम्ही बाहुला नाही पाहिलात." पोलिसाने त्याला फुंकर मारायच्या नळीत फुंकर मारायला लावली, बिचाऱ्याने जन्मात बिअर घेतलेली नाही.

आता असला माणूस त्या धसमुसळ्या खेळात कसा शिरला ते ऐका.

त्याच्या लॅबमध्ये कॉलिन नावाचा एक ऑस्ट्रेलियन आला. ब्रेकचा इंजिनिअर, हात गोणपाटासारखे खरखरीत. डेट्रॉईटच्या आसपास त्या वेळी मोटारींच्या कामावर आलेले त्याचे बरेच देशबांधव होते. त्यांना त्यांच्या गावचा फुटबॉल खेळल्याशिवाय करमेना. हा फुटबॉल निराळा बरं का! बॉल न सोललेल्या नारळासारखा लांबुडका. हातात घेऊन पळायचं, लाथेने उडवायचा, आणि तो वरून खाली येताना समोरच्याच्या खांद्यावर गुडघा देऊन उंच उडी मारून झेलायचा. अंगावर ना हेल्मेट, ना चिलखत. आमच्या गावची कबड्डी त्यापुढे हळदीकुंकू वाटेल.

पहिला खेळ त्यांनी कंपनीच्या पार्किंगमध्ये खेळला. वॉचमनने हाकलून लावलं. मग एका पार्कमध्ये सॉकरची दोन मैदानं शेजारी शेजारी होती, ती जोडून यांनी आपलं लंबगोल मैदान आखलं. तोच हा क्लब. प्रत्येक टोकाला चार खांब लागतात, मधले दोन उंच, कडेचे दोन ठेंगणे. सुरुवातीला खांब प्लॅस्टिकच्या पाईपचे होते. एका मॅचमध्ये वाऱ्याने खांब आडवा झाला आणि बॉल त्याच्यावरून गेला, तर तो आत गेला की बाहेर, यावर अंधार पडेपर्यंत भांडण! मग कॉलिनने बंद पडलेल्या कारखान्याच्या कुंपणाचे लोखंडी पाईप आणले आणि जमिनीत पक्के रोवले. वारा हरला.

पुढे त्यांना इकडे आणणारं ऑफिसच बंद झालं. बहुतेक ऑस्ट्रेलियन परत गेले. कॉलिनने इथलीच बायको केली होती, तो राहिला. क्लब मोडायला टेकला होता, पण त्याने दिसेल त्याला धरून आणलं. पाव भाजणारा एक पोलिश, लेबनॉनचे दोन भाऊ, शाळेतले मास्तर. नंतर बायकांची टीम निघाली. आणि पुरुषोत्तमला तो म्हणाला, "प्यूरू, तू एकटक भिंतीकडे बघत उभा राहू शकतोस. मला असाच माणूस पाहिजे."

म्हणजे गोल अंपायर. अंगात पांढरा कोट, दोन्ही हातांत दोन झेंडे, उंच खांबांच्या मागे उभं राहायचं. लाथेने उडवलेला बॉल कुणाचाही हात न लागता दोन उंच खांबांमधून गेला तर गोल, सहा गुण, दोन्ही झेंडे हलवायचे. हात लागला किंवा कडेने गेला तर एकच गुण, एकच झेंडा. माणसांकडे बघायचं नाही, फक्त बॉलकडे. पुरुषोत्तमला वाटलं, उभंच तर राहायचंय, यात कसली भीती.

सोबतीला म्हणून तो अनयाला घेऊन जायचा. अनया त्याची एकुलती एक मुलगी, तेव्हा एवढीशी. बापाला वाटायचं पोरगी गवतावर चित्रं काढत बसेल. पोरगी बॉलमागे पळायला लागली. आज ती शाळेत सायन्स शिकवते आणि क्लबची फुल बॅक आहे. म्हणजे समोरच्यांचा बॉल गोलावर आला की उलट्या पावलांनी पळत, नजर आभाळात लावून, उडी मारून तो अडवायचा. खांबांच्या दिशेने, पाठमोरी! बापाने हा सगळा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातातला झेंडा चावला होता म्हणे.

मग एका मॅचमध्ये लेबनॉनच्या धाकट्या भावाचं कपाळ त्या लोखंडी पाईपावर आपटलं. टाके पडले. पुढच्या शनिवारी पुरुषोत्तम मैदानावर आला तो चार गोधड्या घेऊन. त्याच्या आईने शिवलेल्या, जुन्या लुगड्यांच्या, आठ-आठ पदरी. दर खेपेला बॅगेतून एकेक आली होती आणि घरात हीटर असल्यामुळे बेसमेंटमध्ये पडून होती. चारही उंच खांबांना त्या गुंडाळल्या आणि वरून दोरीने अशा आवळल्या की बैलगाडीतला ऊस हलायचा नाही. कॉलिन आधी पोट धरून हसला. मग त्याने मुद्दाम पळत जाऊन खांबावर अंग टाकून पाहिलं आणि हसायचं थांबला. तेव्हापासून क्लबची तीच ओळख झाली. बाहेरगावच्या टीम आल्या की आधी गोधड्यांपाशी फोटो काढतात.

तर आता कालच्या जागी येतो. बायकांच्या टीमची सीझनची शेवटची मॅच, ओहायोची टीम येणार, जिंकेल त्याला कप. गुरुवारी पुरुषोत्तमने पाहिलं, गोधड्या चिखलाने माखलेल्या. त्याच्या मनाला लागलं. पाहुणे येणार आणि आपण त्यांना ही घाण दाखवायची? काढल्या चारही आणि टबात बुचकळल्या.

त्याची बायको प्रतिमा म्हणाली, "अहो, चारही एकदम भिजवू नका. इथे ऊन कुठे आहे वाळायला?"

"लोक ओहायोहून येतायत, प्रतिमा. मळक्या गोधड्या बघून काय म्हणतील?"

"म्हणतील काय! त्यांना गोधडी म्हणजे काय हेच माहीत नाही. बरं, ड्रायरमध्ये तरी टाका."

"नको. आठ पदरी आहेत. कापड तापतं, धाग्यांचं लिंट साचतं ते पेटतं. घराला आग लागेल."

आता बघा. आगीच्या भीतीने या माणसाने गोधड्या मागच्या डेकच्या कठड्यावर वाळत घातल्या. शुक्रवारभर आभाळ. तीन कशाबशा वाळल्या, चौथी सगळ्यात जाड, ती पिळली तरी पाणी गाळत होती. टपावर टाकून आणली तरी वाळली नाही. ओलीच बांधायला गेला तर वजनाने सरकत सरकत खाली आली आणि खांबाच्या पायाशी ढीग होऊन बसली. मैदानात शिट्टी घेऊन पळणारा मधला अंपायर म्हणाला, "पायात येईल, काढा." पुरुषोत्तमने सगळ्यांच्या डिक्या उघडून पाहिल्या, फोम मिळतो का म्हणून. मिळाले काय, तर बर्फाचे डबे आणि घडीच्या खुर्च्या. स्वतःचं जाकीट बांधायला लागला, तर म्हणे त्याची चेन लागेल कुणाच्या डोळ्याला.

कॉलिन म्हणाला, "मेट, गोधड्यांच्या आधी इतकी वर्षं आपण असंच खेळलो."

तीन गोधड्यांपैकी दोन पुरुषोत्तमने पलीकडच्या टोकाला ठेवल्या आणि उघडा खांब आपल्या टोकाला घेतला. मला म्हणाला, "काका, हा माझ्या नजरेसमोर राहू दे."

मी त्या खांबामागे, चांगला लांब, घडीच्या खुर्चीत बसलो होतो. माझ्या मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी होती. सकाळपासून मजेत होतो मी. पण त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातले दाणे हातातच राहिले. तोंड राखेसारखं झालेलं. कोटाची बाही चाचपत होता.

या खेळात चार क्वार्टर असतात आणि दर क्वार्टरला टीम बाजू बदलतात. पहिल्या क्वार्टरला अनया पलीकडच्या टोकाला होती, तेव्हा तो जरा माणसात होता. दुसऱ्याला ती इकडे आली. केस घट्ट बांधलेले, गुडघ्याला चिखल. बापाकडे बघून हसली.

"हाय बाबा! व्हेअर्स द फोर्थ वन?"

"ओली आहे. अनू, त्या खांबाकडे पळू नकोस."

"बाबा, बॉल जिथे जाईल तिथे जावं लागतं ना!"

"तर बॉल जाऊ दे."

"अंपायर असं बोलतो? आय विल रिपोर्ट यू," म्हणाली आणि गेली हसत.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. बॉल इकडे आला की हा माणूस श्वास घ्यायचाच थांबायचा. पोरगी उलट्या पावलांनी पळत यायची, दोन हात वर, तोंड आभाळाकडे, आणि मागे तो उघडा पाईप. एकदा तिचा खांदा गोधडीच्या खांबाला घासला, 'धप' असा मऊ आवाज आला. पुरुषोत्तम माझ्याकडे न वळता म्हणाला, "काका, ऐकलंत? हा आवाज. त्या दुसऱ्याचा असा येणार नाही."

"अरे, गप. काही होत नाही."

"मला माहितीये काय होतं. मान आधी पुढे जाते. मग मागे. आवाज नंतर येतो."

असं बोलायचं असतं का माणसाने? त्यानंतर मलाही मैदान दिसेना. दिसत होता तो एक राखाडी पाईप आणि त्याच्यावर गंजाचा एक डाग, बरोबर पोरीच्या डोक्याच्या उंचीवर. मी मनातल्या मनात म्हणू लागलो की बॉल पलीकडेच राहू दे, ओहायोवाले एकदम कमजोर निघू देत. पण ते कमजोर नव्हते. त्यांची एक उंच पोरगी होती, तिची लाथ म्हणजे तोफ. बॉल पुन्हा पुन्हा आमच्याच टोकाला.

तिसऱ्या क्वार्टरला अनया पुन्हा लांब गेली. आम्ही दोघं पाणी प्यायलो. त्याने अर्धं कोटावरच सांडलं. मी म्हटलं, "पुरुषोत्तम, झेंडे दुसऱ्याकडे दे. तू घरी जा."

"आणि इथे कोण बघेल?"

"अरे, बॉल बघायला कुणीही चालेल."

तो बॉल बघण्याबद्दल बोलत नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौथा क्वार्टर. आपला क्लब चार गुणांनी पुढे. कडेला सगळे उभे राहून ओरडतायत, कॉलिनचा आवाज बसलेला. शेवटचा शेवट आला आणि त्या उंच पोरीने लांबून तोफ डागली. बॉल वर गेला, खूप वर, आणि वाऱ्याने वाकून उघड्या खांबाकडे झुकला. आत गेला तर गोल, सहा गुण, कप ओहायोला. नुसता हात लागला तरी एकच गुण, कप आपल्याला.

अनया पळत आली. उलटी. हात वर. नजर आभाळात. तिच्या आणि ओहायोच्या दोघीजणींच्या पायांचा दणदण आवाज मला जमिनीतून खुर्चीत जाणवला. ती सरळ त्या खांबावर येत होती. तिला काही दिसत नव्हतं, दिसणारच नव्हतं. मी ओरडायला गेलो, पण माझ्या तोंडातून हवा तेवढी गेली.

आणि पुरुषोत्तम हलला. जो माणूस स्टुलावर हेल्मेट घालून चढतो, तो झेंडे टाकून पुढे गेला, खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले.

ती येऊन आदळली. डोकं त्याच्या छातीत. मागून त्या दोघी. आणि लोखंडाचा एक आवाज झाला, ठण्ण. तो त्याच्या पाठीचा होता. बॉल त्यांच्या डोक्यावरून, दोन उंच खांबांच्या मधून मागे गेला आणि माझ्या पायाशी येऊन थांबला.

अनया गवतावर पडली होती, डोळे मिटलेले. पुरुषोत्तम गुडघ्यांवर आला, ओणवा झाला आणि तिचं डोकं त्याने दोन्ही तळव्यांत धरलं. उचलायला धावलेल्या पोरींवर तो असा ओरडला की त्या जागीच थांबल्या. त्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"कुणी हात लावायचा नाही! अनू. अनू, हलू नकोस. बोटं हलव. फक्त बोटं."

काही हललं नाही. मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर नावच आठवेना.

"अनू, बाळा, बोटं."

मग डाव्या हाताची बोटं गवतात हलली. उजव्या हाताची हलली. बूट हलले. डोळे उघडले आणि पोरीने पहिलं वाक्य काय बोलावं?

"बाबा, यू लेफ्ट युअर स्पॉट!"

मधला अंपायर धावत आला. त्याने विचारलं, "गोल अंपायर, काय होतं? बॉलला हात लागला?"

पुरुषोत्तम एक हात बरगडीवर धरून उभा राहिला. सगळा क्लब त्याच्याकडे बघत होता. एवढंच म्हणायचं होतं की हात लागला. त्याच्या पोरीचीच टीम, तोच अंपायर.

"मी बघितलं नाही," तो म्हणाला. "मी हिच्याकडे बघत होतो."

नियम असा आहे की शंका असली तर कमी गुण द्यायचे. म्हणजे एकच गुण, आणि कप आपला. कडेला ओरडा सुरूही झाला होता. पण अनया गवतावर बसल्या बसल्या म्हणाली, "नो टच. मी पोचलेच नाही. बाबा मधे आला."

मधल्या अंपायरने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पुरुषोत्तमने गवतातले आपले दोन्ही झेंडे उचलले, उजवा हात वर जाईना म्हणून दोन्ही डाव्या हातात धरले, आणि हलवले. गोल. कप ओहायोला गेला.

बरगडीला तडा गेला होता. इमर्जन्सीत डॉक्टरने फोटो काढला. "कशावर आपटलात?" विचारलं. पुरुषोत्तम म्हणाला, "खांबावर." डॉक्टर म्हणाली, "आणि पुढून?" तो म्हणाला, "मुलीवर." अनयाचंही डोकं तपासलं, काही नव्हतं. गाडीत ती बापाशी एक शब्द बोलली नाही. प्रतिमाने फोनवर जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही, फक्त 'ड्रायर' हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. तो सोफ्यावर छातीशी उशी धरून बसला होता, हसायची सोय नव्हती. कॉलिन आधीच आलेला. त्याने स्पष्टच सांगितलं की ओहायोवाल्यांची तक्रार नाही, पण क्लबमध्ये बोलणी चालू आहेत. असा अंपायर ठेवायचा की नाही? अंपायरने खेळात मधे यायचं नसतं. इतक्या वर्षांत क्लबमध्ये असं कधी झालं नव्हतं.

अनया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बापाशी ती कालपासून पहिल्यांदाच बोलली.

"बाबा, आय अॅम नॉट अ डमी. मी तीन वर्षं त्या कपसाठी खेळले. कॉलिन तुला काढणार नाही, आय टोल्ड हिम. पण तू मला सांग. नेक्स्ट टाइम सेम गोष्ट झाली, सेम पोस्ट, तर तू बॉल बघणार ना? प्रॉमिस?"

ती गंमत करत नव्हती. मला वाटतं ती त्या खांबालाही घाबरली होती, पण ते ती बापाला सांगणार नव्हती. प्रतिमा हातातली किटली तशीच धरून उभी. कॉलिनला मराठी कळत नाही, तोही पुरुषोत्तमच्या तोंडाकडे बघत होता.

पुरुषोत्तमने उशी जरा घट्ट धरली, दुखलं असावं, डोळे बारीक केले. आणि म्हणाला:

"नाही. खोटं प्रॉमिस कशाला देऊ? तू त्या टोकाला असलीस की मला बॉल दिसतच नाही, अनू, कधीच दिसला नाही. कॉलिनला सांग, त्या क्वार्टरला झेंडे दुसऱ्या कुणाकडे दे म्हणून. मी खांबापाशी उभा राहतो."